पिवळा फोन आणि पी.पी. नंबर

दिवाळीला पुण्याहून लेक आली होती. जाताना तिची एक इंग्रजी कादंबरी पलंगाजवळच्या स्टुलावर राहिली. नाव ‘लँडलाइन’, लेखिका रेनबो रॉवेल. फराळाचे डबे घासून पालथे घातले, पणत्या धुऊन पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती सहज हातात घेतली. माझं इंग्रजी बँकेच्या परिपत्रकांवर पोसलेलं, त्यामुळे कादंबरी मला सावकाश वाचावी लागते. तरी तिसऱ्या रात्री अडीच वाजता शेवटचं पान उलटलं. दिवा मालवल्यावरही बराच वेळ जागी होते. इतकी अधीर होऊन, इतक्या आनंदानं मी कितीतरी वर्षांत काही वाचलं नव्हतं.

ही प्रेमकादंबरी आहे. पण तिच्यातल्या दोघांचं लग्न गोष्ट सुरू होण्याच्या कितीतरी आधी झालेलं आहे, पदरी दोन मुली आहेत. जॉर्जी मकूल लॉस एंजेलिसमध्ये टीव्हीच्या विनोदी मालिका लिहिते. वय सदतीस. तिचा नवरा नील घर सांभाळतो. मुलींची शाळा, स्वयंपाक, धुणं, सगळं त्याच्याकडे. ॲलिस सात वर्षांची आणि नूमी चार वर्षांची. ही धाकटी स्वतःला मांजर समजते आणि बोलता बोलता म्याव करते. नाताळात सगळ्यांनी नीलच्या आईकडे, ओमाहाला जायचं ठरलेलं असतं. ऐन वेळी जॉर्जीला तिच्या आयुष्यभराच्या स्वप्नातली मालिका मिळण्याची संधी येते. २७ डिसेंबरच्या बैठकीआधी लिखाण तयार हवं. मला यायला जमणार नाही, असं ती सांगते. तिची समजूत अशी की मग सगळेच थांबतील. नील मुलींना घेऊन निघून जातो. आदळआपट करत नाही, आणि तेच तिला टोचत राहतं.

तिच्या मोबाइलची बॅटरी कायम मेलेली. त्या दिवसांत ती आईच्या घरी झोपायला जाते आणि तिथं तिच्या जुन्या खोलीतल्या कपाटात पिवळा, डायलचा फोन सापडतो. त्यावरून ती ओमाहाचा नंबर फिरवते. पलीकडून नीलचे वडील बोलतात. त्यांना जाऊन काही वर्षं झालेली आहेत. मग नील बोलतो, आणि तिच्या हळूहळू ध्यानात येतं की हा आजचा नील नव्हे. हा १९९८ च्या डिसेंबरातला, तिच्याशी भांडून आईवडिलांकडे निघून गेलेला, अजून लग्नाचं न विचारलेला नील आहे. फोन असं का करतो, याचा खुलासा लेखिका शेवटपर्यंत करत नाही. ते मला फार आवडलं. आजीच्या गोष्टीतला भोपळा टुणुक टुणुक का पळतो, हे आपण कधी विचारलं नव्हतं.

प्रेमकथेत आपल्याला एकच भीती असते, दोघं एकमेकांना मिळतील की नाही. इथं दोघं मिळून पंधरा वर्षं होत आलीत. भीती वेगळी आहे. आज फोनवर एक शब्द चुकला तर तिकडे १९९८ मध्ये नील लग्नाचं विचारायला येणारच नाही, आणि मग ॲलिस नाही, नूमी नाही. त्याहून खोलवरचा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही. नील आपल्यावाचून जास्त सुखी झाला असता का? तसं असेल तर आत्ताच, या फोनवर, त्याला मोकळं सोडावं का? असा प्रश्न मी कुठल्याही प्रेमकथेत वाचला नव्हता. आणि तो वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण १९९८ हे साल माझंही आहे.

त्या वर्षी जूनमध्ये मला बढती मिळाली आणि नाशिकहून परभणीला बदली झाली. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींनी तेव्हा बढती लेखी नाकारली होती. नकाराच्या अर्जाचा मजकूर आमच्यात हातोहात फिरायचा. मीही तो उतरवून पर्समध्ये ठेवला होता. लग्नाला अकरा वर्षं झालेली, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, घरात गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. हे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. ह्यांनी तो कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे. जा तू.” दोनाची तीन झाली.

आमच्या घरी फोन नव्हता. अर्ज करून ठेवलेला, नंबर लागायचा होता. लग्नपत्रिकेवर, ओळखीच्या डायऱ्यांत आमच्या नावापुढे शेजाऱ्यांचा नंबर असे आणि कंसात ‘पी.पी.’. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ही दोन अक्षरं समजावून सांगायला नकोत. दर रविवारी रात्री नऊ वाजता मी परभणीच्या एसटीडी बूथमध्ये शिरायचे. काचेचं दार, आत एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि समोर लाल आकडे. ते आकडे पुढे सरकले की छातीत धडधडायचं. मी घाईघाईनं विचारायचे. पोरं जेवली का, गॅसचा नंबर लावला का, आईंची गोळी आणली का, विम्याचा हप्ता भरला का. पलीकडून उत्तरं यायची: “हं. बरं. हो, आणली.” मी बाहेर येऊन पावतीवरचे पैसे द्यायचे आणि खोलीवर जाताना डोळे भरून यायचे. हा माणूस माझ्याशी बोलतच नाही, असं वाटायचं.

शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर सात माणसं बसलेली असायची आणि त्यांच्या मधोमध उभं राहून हे बोलायचे, ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असूनही ती कधी डोळ्यांपुढे आली नाही. ती आली परवा, कादंबरी वाचताना, सत्तावीस वर्षांनी.

१९९९ च्या पावसाळ्यात टेलिफोन खात्याचा राखाडी फोन आमच्या घरी आला. रात्री उशिरा दर पाव व्हायचे, तेव्हा बूथवर रांग लागायची. विद्यार्थी, फिरतीवरचे एमआर, पोलीस लाइनीतला एक तरुण हवालदार आणि मी. आता पलीकडे मुलं झोपलेली, घर शांत, आणि हे बोलायला लागले. आठवीच्या वर्गात लिटमसचा कागद निळ्याचा लाल झाला तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा कसा ओरडला ते सांगितलं. लेकीच्या दोन वेण्या घालायला शेजारच्या काकूंकडून शिकले, दोन्ही रिबिनी सारख्या याव्यात म्हणून फूटपट्टीनं मोजून कापल्या, तेही सांगितलं. एकदा म्हणाले, “तुझ्या बाजूची खिडकी उघडीच ठेवतो.” एवढंच. मी रिसीव्हर ठेवून बाहेर आले आणि बूथवाल्यानं दिलेली मोड न मोजता पर्समध्ये टाकली. बँकेतल्या बाईनं!

मग मला कोणी विचारलं की संसारातल्या माणसांची प्रेमकथा ती काय असणार, तर मी गप्प कशी बसू? आमच्या निवृत्त मैत्रिणींचा दर महिन्याला पुस्तकांचा कट्टा भरतो. तिथं मी ‘लँडलाइन’बद्दल बोलले. एकजण म्हणाली, “नवरा-बायकोचं काय वाचायचं? ते घरात आहेच की.” दुसरी म्हणाली, “या वयात प्रणयकादंबरी?” दोघी माझ्या जवळच्या आहेत, दोघींचं वाचन माझ्याहून दांडगं आहे. तरी दोघींचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

घरात आहे म्हणूनच वाचायचं. जे रोज समोर असतं त्याच्याकडे पाहायचं राहून जातं. माझं ते सत्तावीस वर्षं राहिलं होतं. रॉवेलबाई फार मोठं काही सांगत नाहीत. नवरा रात्री भांडी लावताना पाठमोरा कसा दिसतो, तो रागावला की कसा अधिकच शांत होतो, ‘तू ठीक आहेस ना’ हे विचारणं दोघांनी नेमकं कधी थांबवलं, असल्या बारीकसारीक गोष्टींवर त्या थांबतात. कॉलेजातल्या आठवणी मध्ये मध्ये येतात. विनोदी मासिकासाठी चित्रं काढत बसणारा, फार न बोलणारा नील आणि त्याच्या टेबलाशी उगाच घोटाळणारी जॉर्जी. ती पानं गोड आहेतच. पण मला अधिक ओढ लागली ती लग्नानंतरच्या पानांची. तिथं दोघंही चांगली माणसं आहेत, कोणी कोणाला फसवत नाही, कोणी मारत नाही, आणि तरी संसार हातातून निसटत चाललाय. तो का निसटतोय हे शोधण्यासाठी मी रात्री अडीचपर्यंत जागले.

वयाचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकात मीही मिल्स अँड बून वाचली आहेत. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातून आणायची, पेपरचं कव्हर घालायचं, बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकाखाली ठेवायची. १९०८ साली लंडनमध्ये निघालेल्या त्या प्रकाशनानं जगभरच्या मुलींना स्वप्नं दिली, त्यांची मला लाज नाही. फक्त ती सगळी स्वप्नं लग्नाच्या होकारापाशी संपायची. पुढं चाळीस वर्षं जगायचं असतं, त्याचं स्वप्न कोणी दिलं नाही.

आणि मराठीत? मी टीकाकार नाही, वाचक आहे. वाचक म्हणून जे दिसतं ते सांगते. ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांनी आमच्या आईच्या पिढीला प्रेमात पडायला शिकवलं. पडणं महत्त्वाचं, पडल्यानंतरचं नव्हे. विभावरी शिरूरकरांपासून पुढच्या लेखिकांनी बाईची घुसमट मांडली. ती मांडायलाच हवी होती. त्या लिखाणानं माझ्यासारखीला परभणीला एकटीनं जायचं बळ दिलं, हे मी विसरणार नाही. पण संसारात सुखाचं, ओढीचं, खेळकर असं काही उरतं का, हे कादंबरीतून कोणी फारसं सांगितलं नाही. मराठी माणसाला नवरा-बायकोच्या प्रेमाची कादंबरी विचारली तर तो चटकन ‘स्वामी’चं नाव घेतो. रणजित देसाईंची १९६२ ची कादंबरी, पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार, ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची मालिका. माधवराव आणि रमाबाईंसाठी मीही ढसाढसा रडले आहे. पण ते प्रेम थेऊरला संपतं. माधवराव १७७२ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं जातात आणि रमाबाई सती जातात. आमच्या सगळ्यात लाडक्या विवाहित जोडप्याच्या गोष्टीला मोठं व्हायला चिता लागली, याचं मला आता वाईट वाटतं.

खरी गोष्ट अशी आहे की संसारातलं प्रेम मराठीत आहे, भरपूर आहे. ते कादंबरीत नाही, आठवणींत आहे. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चं. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० चं. आणि या सगळ्यांवर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणून जास्त जवळच्या वाटतात असं नाही. लहरी, तापट, जगावर माया करणारा कवी नवरा. त्याच्याशी भांडणारी, त्याला हसणारी, त्याच्यासाठी झुरणारी बायको. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती होतात आणि दोघांची ताटातूट होते. काही वर्षांनी ती त्यांच्याकडे परत जाते, आणि पुढं स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती होते. नवरा-बायको एकमेकांना पुन्हा मिळतील का, याची एवढी हुरहुर मला दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकानं लावलेली नाही. मी ती प्रेमकथा म्हणूनच वाचते.

म्हणजे खरं घडलेलं असेल तर आपण त्याला साहित्य म्हणतो, अभ्यासाला लावतो. तेच कोणी कल्पनेतून लिहिलं, आजच्या काळातल्या, कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या जोडप्याचं लिहिलं आणि शेवट गोड केला, की ते हलकं ठरतं. हा भेद मला पटत नाही. एका वाचनालयात मी नव्या प्रेमकादंबऱ्या कुठं आहेत म्हणून विचारलं, तर ‘तसलं इथं ठेवत नाही’ असं उत्तर मिळालं. तसलं म्हणजे कसलं? लोकांना ही भूक नाही असं कोणी म्हणू नये. २०१२ मध्ये झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागायची तेव्हा आमच्या शाखेत दुसऱ्या दिवशी काउंटरमागं घना-राधाचीच चर्चा असे. मात्र तिथंही लग्न आधी नाटकापुरतं होतं. नाटकापुरतं नसलेलं, दहा-वीस वर्षं मुरलेलं लग्न घेऊन अशी गंमत कोणी रचली तर ती बघायला आणि वाचायला आम्ही आहोत.

‘लँडलाइन’ निर्दोष आहे असं नाही. जॉर्जीचा लेखनातला जोडीदार सेथ सगळ्या गोष्टीभर वावरतो, पण मला तो कागदीच वाटला. तिच्या आईच्या पग कुत्रीला पिल्लं होतात तो प्रसंग लांबलाय. आणि माझी खरी तक्रार नीलबद्दल आहे. आजच्या नीलला लेखिका पुरेसं बोलू देत नाही. त्यानं काय सोडलं, त्याला कशाचा राग आहे, हे आपल्याला जॉर्जीच्या अंदाजातूनच कळतं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तसं ऐकायचं माझंही एक राहिलं होतं. २०१६ मध्ये हे निवृत्त झाले. निरोप समारंभात मला शेजारी बसवलं होतं, मांडीवर शाल आणि नारळ. एका सहकाऱ्यानं भाषणात सहज सांगून टाकलं की अठ्ठ्याण्णव साली सरांना पर्यवेक्षकपद देऊ केलं होतं. सकाळच्या सत्राला पावणेसातला हजर राहावं लागलं असतं, घरी लहान मुलं आहेत, म्हणून सरांनी नको असं लिहून दिलं. पुन्हा ते पद ह्यांच्याकडे आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळाची शेंडी घट्ट धरून बसले होते. म्हणजे नकाराचा अर्ज आमच्या घरातून गेलाच होता, फक्त माझा नव्हता. घरी येऊन मी काही विचारलं नाही. नंतरही नाही. विचारलं तर काय ऐकावं लागेल, याची भीती होती.

कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्याजवळ मेथी निवडत होते. मी विचारलं. पद का सोडलंत, हे नव्हे. ते मला कळलं होतं. मी विचारलं की मी परभणीला गेले नसते तर तुमचं बरं झालं असतं का. ह्यांनी एक काडी मोडली, दुसरी मोडली. मग म्हणाले, “राग आला होता. तू फोनवर गॅसचं विचारायचीस तेव्हा फार यायचा. पण तुझा आवाज यायचा ना.” थोड्या वेळानं म्हणाले, “तेव्हा विचारलं असतंस तर भांडलो असतो. आता चहा टाक.”

मी चहा टाकला. आलं किसताना हात थरथरत होते. पुस्तक आता ह्यांच्या उशाशी आहे. डिक्शनरी शेजारी घेऊन रोज आठ-दहा पानं वाचतात आणि पेन्सिलीनं समासात अर्थ लिहितात. लेकीला पुस्तक परत द्यायचंय, हे सांगून झालंय.

आज तिशी-चाळिशीत असलेल्या मराठी लेखिकांना आणि लेखकांना माझी विनंती आहे. तुमच्याभोवती असे किती संसार आहेत. एक जण हिंजवडीत, दुसरी बंगळूरला. नवरा दुबईत आणि बायको रत्नागिरीत, मध्ये व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ कॉल आणि अडकणारं चित्र. सासूबाईंना डायलिसिसला नेणारा जावई, पोलीस खात्यात रात्रपाळी करणारी बायको आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट. यातल्या कोणाचीही गोष्ट लिहा. दोघांना भांडू द्या, बोलणं टाकू द्या, पुन्हा एकमेकांकडे ओढले जाऊ द्या. दोघांनाही जिवंत ठेवा. वाचता वाचता मला रात्री अडीच वाजू देत. आणि पहिल्याच पानावर त्यांच्या लग्नाला निदान अकरा वर्षं झालेली असू देत.